गाडीत ओतण्याआधी तेल सुकवा
(जिल्हा मेळाव्यात घरगुती बायोडिझेलविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागली की पहिली विचारणा ओलीची होते, भावाची नंतर. 8 टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पुरा हमीभाव, 12 पर्यंत कपात, त्याच्या वर काटा गेला की गाडी परत. ते यंत्र आपल्या हातात नसते, म्हणून आपण चरफडत घरी येतो. आज ज्या ओलीविषयी बोलायचे आहे तिथे मोजणारेही आपणच आणि भोगणारेही आपणच. आपल्या गाडीचा पंप कपात वगैरे करत बसत नाही, तो सरळ बंद पडतो.

आमच्या गटाची फजिती आधी सांगतो. ढाब्यांवरचे तळून उरलेले तेल गोळा करून आम्ही बायोडिझेल बनवत होतो. एक घाण भाद्रपदात काढली. धुतली, निवळू दिली, बाटलीत धरली तर काचेसारखी आरपार. झाले म्हणून पिंपात भरली. पिंप अर्धेच भरले होते आणि झाकण सैल. दिवाळीनंतर तेच तेल जुन्या ट्रकमध्ये घातले, वर कापूस भरला आणि घाटाच्या पायथ्याशी गाडी उभी राहिली. मिस्त्रीने फिल्टर उघडला तर आत शेवाळासारखा बुळबुळीत गाळ, पंपाच्या दट्ट्यावर गंज. पंपाच्या दुरुस्तीला जे पैसे गेले तेवढे वर्षभराच्या डिझेलमध्ये वाचले नव्हते. चूक तेलाची नव्हती, आमच्या घाईची होती.

आता हे पाणी आणि मेथॅनॉल तेलात येते कुठून ते पाहू. 100 लिटर तेलाला आपण सुमारे 20 लिटर मेथॅनॉल आणि थोडे कॉस्टिक घालतो. त्यातले खरे कामी येते ते साडेबारा लिटरच्या आसपास. बाकीचे सात-साडेसात लिटर क्रिया पुढे रेटायला जास्तीचे घातलेले असते, ते कुठे जात नाही. त्यातले बरेचसे खाली बसणाऱ्या ग्लिसरीनमध्ये उतरते, उरलेले वरच्या इंधनात राहते. पाणी येते धुण्यातून आणि पावसाळी हवेतून. भारतीय मानक 15607 प्रमाणे बायोडिझेलमध्ये मेथॅनॉल 0.2 टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि पाणी किलोमागे 500 मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. म्हणजे 200 लिटरच्या भरल्या पिंपात पाणी किती चालेल? जेमतेम 88 ग्रॅम, एक कपभर चहाएवढे. आणि गंमत अशी, की बायोडिझेल याच्या तिप्पट पाणी पोटात विरघळवून घेते आणि तरी आरपार दिसते. आम्ही फसलो ते इथेच. गढूळ दिसले तर ओले हे खरे, पण स्वच्छ दिसले म्हणजे सुके, हे खरे नाही.

पाण्याने गंज चढतो, टाकीच्या तळाशी जंतू वाढतात आणि तेल हळूहळू आंबट होते. मेथॅनॉलचे दुखणे वेगळे. ते रबराची सीले आणि अॅल्युमिनियम खाते. शिवाय चांगले बायोडिझेल 100 अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेत नाही, म्हणून ते डिझेलपेक्षाही निर्धोक. त्यात थोडे मेथॅनॉल राहिले की हा गुण गेलाच. मेथॅनॉलची वाफ आपल्या हिवाळ्यातल्या हवेतसुद्धा पेट घेते, आणि दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत दिसत नाही.

मेथॅनॉल काढायचे दोन रस्ते आहेत. पहिला, तापवून वाफ करायची आणि नळीतून थंड करून परत धरायची. ते 65 अंशांच्या आसपास उकळते, शेवटचा अंश निघायला उष्णता आणखी चढवावी लागते. परत मिळालेले मेथॅनॉल पुढच्या घाणीला चालते, तेवढा खर्च वाचतो. पण तापवण्याआधी ग्लिसरीन खालून काढून टाका. ग्लिसरीन आणि कॉस्टिक तसेच ठेवून मेथॅनॉल उडवले तर क्रिया उलटी फिरते आणि बायोडिझेलचे पुन्हा तेल होऊ लागते. हे काम बंद भांड्यात, विजेच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेवर, उघड्यावर आणि जाणत्याच्या देखरेखीखाली. चुलीवर नाही, घरात तर नाहीच नाही. ज्यांच्याकडे तशी सोय नाही त्यांनी दुसरा रस्ता धरावा, तो पाण्याने धुण्याचा. मेथॅनॉलला तेलापेक्षा पाण्याची ओढ जास्त, ते पाण्यासोबत निघून जाते.

मायबहिणींनी हे विशेष ऐकावे. परत धरलेले मेथॅनॉल दारूसारखेच दिसते, वासही तसाच येतो. 2015 साली मुंबईत मालवणीला मेथॅनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून जास्त माणसे मेली. थोडे पोटात गेले तरी डोळे जातात. तेव्हा कॅन कुलपात, त्यावर मोठ्या अक्षरात ‘विष’, आणि पाण्याच्या किंवा तेलाच्या जुन्या बाटलीत एक थेंबही ठेवायचा नाही. कोणी प्यालेच तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा आणि मेथॅनॉल हे नाव डॉक्टरला सांगा. खालचे ग्लिसरीन गोड लागते म्हणून काही जण ढोरांच्या आंबोणात घालायचे म्हणतात. घालू नका, त्यातही हेच विष आहे. धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नका. गोठ्यापासून लांब, कुंपण केलेल्या खड्ड्यातच टाका.

धुताना पहिले पाणी कोमट आणि अगदी हलक्या तुषाराने द्यायचे. जोरात ढवळले की साबण तेल-पाण्याला धरून ठेवतो आणि सगळ्याचे दही होते. (फवारणीचा पाठीवरचा पंप वापरायचा मोह होतो. वापरायचा तर नवा वापरा, औषध मारलेला नको.) तीन-चार पाणी द्या. खाली निघणारे पाणी दुधाळ न राहता निवळ आले की धुणे झाले. रात्रभर बसू द्या आणि खालचे पाणी थेंबन् थेंब काढा. तळाला पाणी ठेवून वर तापवत गेलात तर ते उसळून अंगावर येते.

मग सुकवणे. तेल 50-55 अंशांवर ठेवून लहान पंपाने तळातून उचलायचे आणि उघड्या पिंपात वरून तुषाराने परत पाडायचे. दरवाजे-खिडक्या उघड्या हव्यात. इथे आपल्या कोरडवाहू मुलखाचा एकदाच फायदा होतो. चैत्र-वैशाखातली जी हवा आपली कातडी सोलते तीच तेलातले पाणी ओढून घेते, काही तासांत काम होते. श्रावण-भाद्रपदात तीच हवा स्वतःच ओली असते, ती काय पाणी ओढणार? थंड तेलात हवा फुंकत बसलो तर उलट पाणी आत जाते. पावसाळ्यात तेल गरम ठेवून, उघडीप बघूनच सुकवावे. जमले तर वर्षाची घाण उन्हाळ्यातच काढून ठेवावी. सुकलेले तेल पिंपात काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. रिकामी जागा राहिली की पिंप दिवसा-रात्री श्वास घेते आणि ओल आत ओढते.

पारख घरी करता येते. चमचाभर तेल विजेच्या शेगडीवर कढईत तापवा. ओल्या पळीने फोडणी दिल्यासारखे तडतडले तर पाणी आहे. ही ढोबळ पारख. बारीक पारखेला सोनाराचा काटा लागतो. 100 ग्रॅम तेल तोलायचे, उघड्यावर 110 अंशांपर्यंत तापवायचे, थोडा वेळ तसेच ठेवायचे, निववून पुन्हा तोलायचे. पाणी आणि मेथॅनॉल मिळून 0.2 ग्रॅमहून जास्त घट आली तर ते तेल गाडीत घालू नका.

हिशेबाचे दोन शब्द. सरकीचे ताजे तेल डिझेलपेक्षा महाग आहे, ते गाडीत जाळणे परवडत नाही. हे गणित वापरलेल्या तेलातच बसते. 2003 नंतर मोगली एरंडाचे स्वप्न विकले गेले, ज्यांनी लावला त्यांच्या पदरात काय पडले ते त्यांनाच विचारा. आणि 2020 च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत घरचे बायोडिझेल घालू नका, त्यांचे पंप फार नाजूक आहेत. जुना ट्रक, जुना ट्रॅक्टर एवढ्यापुरतेच हे. तिथेही सुरुवातीला फिल्टर लवकर बदला, बायोडिझेल टाकीतला जुना मळ सोडवून फिल्टरपाशी आणते.

पुढच्या बैठकीला ज्यांनी बनवले असेल त्यांनी पाव लिटर तेल काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून, तारीख लिहून आणावे. काटा आम्ही आणतो.