दाराजवळची खुर्ची

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरातील रुग्णसेवेचे व जमाखर्चाचे तपशील आपणास या अहवालात अन्यत्र वाचावयास मिळतीलच. आज आम्ही मात्र हिशेबाच्या वहीत जेमतेम एक ओळ व्यापणाऱ्या विषयावर बोलण्याची अनुमती मागतो. आपल्या ज्येष्ठ नागरिक विभागातील रुग्णांना महिन्यातून एकदा दाखविला जाणारा चित्रपट, हा तो विषय होय.

कल्पना साधी होती. खुब्याचे हाड मोडल्यानंतर किंवा पक्षाघाताच्या झटक्यानंतर जे वृद्ध आपल्याकडे आठवडेच्या आठवडे राहतात, त्यांचा दिवस औषधांच्या वेळांनी बांधलेला असतो. दुपारच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा काळ त्यांना अक्षरशः खायला उठतो. तो वेळ आनंदात जावा, एवढाच आमचा हेतू होता. हेतू चांगला असला की काम आपोआप चांगले होते, असा आमचा समज होता. पहिल्याच संध्याकाळी तो दूर झाला.

त्या दिवशी आम्ही प्रभातचा 1936 सालचा 'संत तुकाराम' निवडला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला हा चित्रपट. त्याच्या थोरवीविषयी दुमत नाही. चुकलो ते आम्ही. खिडक्यांना काळे पडदे लावून सभागृहात पूर्ण अंधार केला. चाकांच्या खुर्च्या रांगांच्या मधोमध लावल्या. दोन तासांहून मोठा चित्रपट मध्यंतराविना दाखविला. मधुमेही रुग्णांच्या जेवणाची वेळ टळली. मागे बसलेल्यांना संवाद कळेनात, म्हणून आवाज वाढविला, तर पुढच्यांनी कानांवर हात ठेवले.

याहून गंभीर गोष्ट दिवे लागल्यावर कळली. लघवी अधिक होण्याचे औषध सुरू असलेले एक आजोबा मधल्या रांगेत अडकले होते. अंधारात कोणाला हाक मारणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. व्हायचे ते झाले. त्या रात्री परिचारिकेने नोंदवहीत लिहिले, "रुग्णाने जेवण नाकारले." पुढील चार दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत. उमेदीच्या काळात चारचौघांत मानाने वावरलेल्या माणसाला आम्ही करमणुकीच्या नावाखाली हा प्रसंग आणला होता.

आम्ही त्यांची क्षमा मागावयास गेलो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "चित्रपट चांगलाच होता हो. पण मला आधी विचारलं असतंत, तर मी दाराजवळ बसलो असतो."

या उपक्रमाची पुढची सर्व आखणी या एका वाक्यातून झाली.

आता चित्रपट दुपारी चारला सुरू होतो आणि सहाच्या आत संपतो. लघवीच्या औषधाची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल काय, हे डॉक्टरांना सकाळीच विचारले जाते. दर चाळीस मिनिटांनी मध्यंतर असते. त्या वेळी सेवक प्रत्येकापाशी जाऊन, "चला, जरा पाय मोकळे करू या," असे म्हणतो. कोणालाही हात वर करून मागणी करावी लागत नाही. चाकांच्या खुर्च्या रांगांच्या कडेला, वाटेला लागून असतात. इतरांना हातांच्या खुर्च्या दिल्या जातात, कारण उठताना टेकायला आधार लागतो. जमिनीलगत मंद दिवे जळत राहतात. अंधारात पडून पुन्हा हाड मोडले, तर त्या करमणुकीची किंमत कोण भरणार?

आवाजाविषयी आमच्या कानतज्ज्ञांनी समजावून दिले. वाढत्या वयात उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द उलगडत नाहीत. नुसता आवाज वाढविला की गोंगाटही वाढतो. म्हणून आम्ही दोन लहान स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ आणले आणि घरघरणारे पंखे बदलून घेतले. श्रवणयंत्रांचे सेल सकाळीच तपासले जातात. चष्मा उशीखाली राहिला नाही ना, हे आमच्या मावशी खोलीतून निघतानाच पाहतात.

खाण्याचेही तेच. मक्याच्या लाह्या आम्ही कटाक्षाने टाळतो. कवळी असणाऱ्यांना आणि गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना त्या धोक्याच्या. मऊ उपमा आणि साखरेचा व बिनसाखरेचा असा दोन किटल्यांतील चहा असतो. ज्यांच्यासाठी आहारतज्ज्ञांची वेगळी सूचना आहे, त्यांची बशी नावानिशी वेगळी येते. स्मृतिभ्रंश झालेल्या काही रुग्णांची अस्वस्थता दिवस कलू लागताच वाढते. त्यांच्यासाठी सकाळी अर्धा तास जुनी गाणी दाखविली जातात, आणि मध्येच उठून जाण्याची प्रत्येकाला मुभा असते.

चित्रपटाच्या निवडीतही आम्हाला धडा मिळाला. पहिल्या खेळानंतर एका आजींनी विचारले, "म्हातारपण आलं म्हणजे माणसाला देवाशिवाय दुसरं काही आवडतच नाही, असं वाटतं का तुम्हाला?" आता दर महिन्याला तीन नावे खोल्याखोल्यांत वाचून दाखविली जातात आणि मते घेतली जातात. राजा परांजपे यांचा 1960 सालचा 'जगाच्या पाठीवर' असाच बहुमताने आला. 'सांगत्ये ऐका'चे नाव निघताच, पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चाललेला तो खेळ आपण कितव्या आठवड्यात पाहिला, यावर दोन आजोबांत वाद जुंपला. त्याच आजींनी मात्र "काहीतरी नवं दाखवा" असा आग्रह धरला, आणि दादासाहेब फाळके यांच्यावरील 2009 सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहून सभागृह खळखळून हसले. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो. त्या मुदतीतील चित्रपटांसाठी आम्ही हक्कधारकांची लेखी परवानगी घेतो. धर्मादाय संस्थेनेही दुसऱ्याची मालमत्ता विचारूनच वापरावी.

या उपक्रमाने कोणाचा आजार बरा झाला, असा दावा आम्ही करणार नाही. तो आमचा अधिकार नाही. आम्ही वाणिज्य शाखेतून आलेली माणसे. नोंद झाली तेवढेच सांगतो. तिसऱ्या खेळाला ते आजोबा वेळेच्या आधीच येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चित्रपटाच्या ओघात दोनदा उठून गेले, दोनदा परत आले. कोणी मान वळवून पाहिले नाही. त्या रात्रीच्या नोंदवहीत जेवणाविषयी "पूर्ण घेतले" असे लिहिले आहे.

पहिल्या वर्षी हा खर्च आम्ही 'किरकोळ खर्च' या सदरात दाखविला होता. यंदापासून तो 'रुग्णसेवा' या सदरात घेतला आहे. रक्कम लहानच आहे, पण तिची जागा तीच आहे, असे आमचे मत झाले आहे.

विश्वस्तांना व देणगीदारांना आमची विनंती मोठ्या पडद्याची नाही. सभागृहापासून स्वच्छतागृहापर्यंतच्या भिंतीला आधाराचा कठडा बसवावा आणि तेथे चाकाची खुर्ची वळेल एवढी जागा करून द्यावी, इतकेच आमचे मागणे आहे.

आप्तेष्टांना विनंती आहे की, महिन्यातून ती एक दुपार आपल्या माणसाशेजारी येऊन बसावे. भरतीच्या अर्जात आम्ही आता एक रकाना वाढविला आहे : रुग्णाचा आवडता चित्रपट. पुष्कळ मुले-मुली तो कोरा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन भरतात. मधल्या वेळात त्यांनी आपल्या आईला किंवा वडिलांना विचारलेले असते. तो रकाना आम्ही मुख्यतः त्यासाठीच ठेवला आहे.