धरणी का कापते?



आजच्या विषयाशी आमची पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही. ती झाली ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. आम्ही त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो आणि पुण्यातील एका जुन्या वाड्यात राहत होतो. फळीवरची पितळी भांडी धडाधड खाली आली आणि सारा वाडा अंगणात जमा झाला. आमच्या आजीने देवघराकडे तोंड करून हात जोडले आणि शेषाने फणा हलविल्याचे सांगितले. दिवस उजाडल्यावर कळले की शेष हलला तो कोयनेकाठी, आणि तेथे कोयनानगर जमीनदोस्त झाले आहे. पुढे मोठी माणसे आपापसांत बोलू लागली, ‘धरणामुळे झाले म्हणतात.’ एका घरात एकाच दिवशी भूकंपाची दोन कारणे आम्ही ऐकली. एक पुराणातले, दुसरे पाटबंधाऱ्यातले. त्या दोहोंपैकी खरे कोणते, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही. आज तोच आपणापुढे मांडावयाचा आहे.

आजीला हसण्याचे कारण नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूकंपावर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्यात आपल्या पूर्वीच्यांची मते नोंदविली. कोणी म्हणत, समुद्रातील प्रचंड प्राण्यांमुळे भूमी हलते. कोणी म्हणत, भाराने थकलेले दिग्गज सुस्कारा टाकतात. कोणी वाऱ्यावर वारा आदळल्याचे सांगे, तर कोणी अदृष्टाचे. एवढ्या मतांची नोंद झाली याचाच अर्थ असा की शंका घेणारी माणसे तेव्हाही होती.

याच प्रश्नावरून आपल्याकडील दोन थोर पुरुषांचा मतभेद झाला होता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ भूकंपाने उद्ध्वस्त झाले. दहा हजारांहून अधिक माणसे गेली. अस्पृश्यतेच्या पापाचे हे ईश्वरी शासन आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात गांधीजींच्या बाजूने असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. निसर्गातील घटनेला नीतीचे कारण चिकटविणे त्यांना घातक वाटले. गांधीजींचा मोठेपणा असा की त्यांनी ती हरकत आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापली आणि मग उत्तर दिले. आमचे मत विचाराल तर अस्पृश्यता हे पापच. परंतु त्या पापाची शिक्षा म्हणून पडणारे घर सवर्णाचे आणि दलिताचे असा भेद करीत नाही. मात्र माणसाच्या कर्माचा भूकंपाशी काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. तो कसा, ते पुढे पाहू.

आधी कारण. १९०६ साली अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को शहर भूकंपाने हादरले. तेथे जमिनीतील एका लांबच लांब भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकल्या होत्या. भेगेला ओलांडून जाणारी कुंपणे तुटून त्यांची टोके दूर जाऊन पडली होती. हॅरी रीड या शास्त्रज्ञाने जुन्या आणि नव्या मोजण्या ताडून पाहिल्या व एक साधी गोष्ट सांगितली. वेळूची काठी दोन हातांत धरून वाकवीत जा. ती बराच वेळ वाकते, निमूटपणे ताण साठविते. एका क्षणी कडकन मोडते आणि हाताला झिणझिण्या येतात. खडकाचे तेच आहे. ताण शतकानुशतके साठतो, निसटतो मात्र काही सेकंदांत. आणि त्या निसटण्याच्या लाटा म्हणजेच भूकंप.

हा ताण येतो कोठून? पृथ्वीचे कवच अखंड नाही. प्रचंड शिलापट्टांचे ते बनलेले आहे आणि ते पट्ट अतिशय मंद गतीने सरकत असतात. आपला भारत ज्या पट्टावर आहे तो वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण नखे वाढतात त्या वेगाने, उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला आणि त्याच रेट्यातून आसाम, बिहार, काश्मीर येथील भूकंप झाले.

हिमालयाचे हे ठीक. पण सह्याद्रीचे काय? दख्खनचे पठार म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आणि त्याखाली त्याहून कितीतरी पुराणा ग्रॅनाइट. ही भूमी स्थिर, येथे मोठा भूकंप होणे नाही, अशी जाणत्यांचीही समजूत होती. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण याच समजुतीच्या काळात बांधले गेले. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर भरू लागला आणि लवकरच आसपासच्या गावांना जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागले. भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली. लहान धक्क्यांची संख्या वाढत गेली. १९६७ च्या सप्टेंबरात एक बराच जोराचा धक्का बसला. आणि डिसेंबरातील त्या पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली, हजारो जखमी झाली. धरणाच्या माथ्याजवळील भागाला तडे गेले. पण धरण उभे राहिले. ते फुटले असते तर खाली कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापर्यंत आणि त्याही पुढे काय झाले असते, याची कल्पना आपणच करावी. पुढे धरणाला मजबुती देण्यात आली.

आता आमच्या लहानपणीच्या त्या कुजबुजीकडे वळू. भूकंप धरणामुळे झाला काय? एक साधा हिशेब करून पाहा. शंभर मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे दहा किलोचा भार टाकतो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच भार तेवढ्याच जागेवर सुमारे तेराशे किलो असतो. जो खडक तेराशे किलो पेलतो त्याला आणखी दहांचे काय? म्हणून नुसत्या वजनाने एवढा भूकंप होणे नाही. परंतु पाणी भेगांतून खाली झिरपते, त्याचा दाब खोलवर पोहोचतो आणि आवळून बसलेल्या भेगेच्या दोन्ही बाजू किंचित सैल करतो. जी भेग आधीच सुटण्याच्या बेतात आहे तिला तेवढे पुरते.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील डेन्व्हर शहराजवळ १९६२ साली एका लष्करी कारखान्याचे दूषित पाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडण्यास सुरुवात झाली आणि त्या भागात भूकंपांची मालिका लागली. १९६६ साली पाणी सोडणे थांबविले, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ साली बसले. कारण आत गेलेला दाब लगेच विरत नाही. कोयनेतही धक्क्यांचा संबंध जलाशय किती वेगाने भरतो, किती उंच भरतो आणि तेथे किती काळ राहतो याच्याशी असल्याचे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. १९८५ नंतर शेजारी वारणेचा जलाशय भरू लागला तेव्हा धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडेही पसरले. १९६७ पासून पाच प्रतीहून मोठे वीसपेक्षा अधिक धक्के या एवढ्याशा टापूत बसले आहेत. म्हणूनच कऱ्हाडला खास संशोधनशाळा उभी राहिली आणि कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खालचा खडक तपासण्यात आला.

सारांश, ताण साठविला पृथ्वीने, खटका ओढला पाण्याने. धरणाने भूकंप निर्माण केला असे म्हणणे जितके चूक, तितकेच धरणाचा काही संबंध नाही असे म्हणणेही चूक. कोयनेच्या विजेवर आपले कारखाने आणि दिवे चालतात. तो जलाशय नसावा असे आम्ही म्हणत नाही. पण त्या विजेचे मोल कोणी भरले? ज्यांची शिवारे पाण्याखाली गेली आणि ज्यांच्या पायांखाली जमीन गुरगुरत राहिली, त्यांनी. हे ऋण आपल्या हिशेबवहीत लिहिलेले असावे, एवढेच म्हणणे आहे.

माणूस भूमीशी जे करतो त्याचे हे झाले. आता भूकंप भूमीचे काय करतो ते पाहू. १८१९ साली कच्छच्या रणात भूकंपाने सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा उंचवटा वर उचलला गेला आणि सिंधूच्या एका फाट्याची वाट अडली. त्याच्या दक्षिणेस जमीन खचून सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला. माणसाने बांधला नाही म्हणून लोकांनी त्या उंचवट्याला नाव दिले ‘अल्लाबंद’. पुढे १८२६ साली महापुराने तो बांध फोडला. बिहारमध्ये १९३४ साली शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात जमीन खचली. भेगांतून पाणी आणि वाळू उसळून आली आणि पिकाऊ शेतांवर वाळूचे थर साचले. ओली, भुसभुशीत जमीन हादरली की वाळूचे कण आपला आधार सोडतात आणि घट्ट भूमी घटकाभर चिखलाच्या रसासारखी वागते. त्यावर बांधलेली घरे न मोडता रुततात किंवा कलंडतात. २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणानेही असेच पाणी ओकले.

सर्वांत दूरवरचा परिणाम आसामात झाला. १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी, देश स्वातंत्र्यदिन साजरा करीत असताना, ८.६ प्रतीचा भूकंप झाला. हिमालयाचे कडे कोसळले आणि सुबनसिरी नदी दरडींनी तुंबली. काही दिवसांनी तो बांध फुटला आणि भूकंपातून वाचलेली गावे पुराने नेली. पुढे वर्षानुवर्षे डोंगरातून गाळ येत राहिला, ब्रह्मपुत्रेचे पात्र उंचावले आणि नदी दिब्रुगड शहराचे काठ खाऊ लागली. हादरा काही मिनिटांचा. नदीने मात्र त्याची आठवण पिढ्यान् पिढ्या ठेवली.

शेवटी किल्लारीविषयी बोलावयास हवे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती पोहोचवून लोक निजले होते. ६.२ प्रतीचा, म्हणजे कोयनेच्या जोडीचाच भूकंप. वेळही तीच, पहाटे चारच्या सुमाराची. कोयनेत माणसे गेली दोनशेच्या आत. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत, अंदाज वेगवेगळे असले तरी, आठ ते दहा हजार. हा फरक कशाने पडला? तेरणाकाठची काळी जमीन, दाट वस्तीची गावे. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर माळवद. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पसरावयाची, गळती थांबवावयाची. वर्षांमागून वर्षे तो थर जाड होत गेला. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर त्या पहाटे झोपलेल्या कुटुंबावर आले. शेतातली भेग पाहावी तर अवघी किलोमीटरभर.

आणि येथेच कर्माचा संबंध येतो. भूकंपाने मरणारी बहुतेक माणसे जमिनीमुळे मरत नाहीत, घरामुळे मरतात. दगडाच्या भिंतीत दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड ठरावीक अंतराने घालणे, दारांच्या वर सर्व भिंतींभोवती सळ्यांसह काँक्रीटचा अखंड पट्टा फिरविणे, छपराचे ओझे कमी करणे, ही राजवाड्याची नव्हे, गवंड्याच्या आवाक्यातली कामे आहेत. किल्लारीनंतर पुष्कळांनी दगडालाच दोष दिला. दोष दगडाचा नव्हता; दगड दगडाला बांधलेला नव्हता, हा दोष होता. उंच इमारतींचेही तेच. खाली वाहनतळासाठी नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही रचना विचार न करता उभारली तर खांबच प्रथम दगा देतात.

भूकंप अमुक दिवशी येईल असे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्यावर विश्वास ठेवू नये. पण तो कोठे येऊ शकतो आणि आल्यास कोणते घर टिकेल, हे पुष्कळसे कळले आहे. १९६७ पूर्वी कोयना निर्धोक मानली जात होती, १९९३ पूर्वी किल्लारी. ‘आमच्याकडे होत नाही’ हे वाक्य महाराष्ट्राला दोनदा महाग पडले आहे. म्हणून घर बांधावयास काढाल तेव्हा मुहूर्त अवश्य पाहा. पण त्याबरोबर गवंड्याला हेही विचारा की भिंत भिंतीला कशी बांधणार आहेस? या सभागृहातून जाताना एवढा एक प्रश्न आपणांपैकी दहाजणांनी घरी नेला, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.