तिसऱ्या रांगेतल्या मित्रास
(स्नेहसंमेलनातील भाषण)



चार मिनिटं मिळाली आहेत, ती मी एका कबुलीसाठी वापरतो. मागच्या निवडणुकीत मी आपल्या ग्रुपवर लिहिलं होतं, "रोज गंध लावणाऱ्याचं मत कुठे जाणार, हे विचारायला नको." त्यावर एक जण ग्रुप सोडून गेला. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय.

काल लवकर पोचलो, म्हणून पतितपावन मंदिरात जाऊन आलो. शाळेत असताना प्रसादापलीकडे त्याचं काही ठाऊक नव्हतं. १९३१ साली ते सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा, माणूस श्रद्धाळू. खटपट सावरकरांची, ते इथे स्थानबद्ध, राजकारणाला बंदी. हिंदुत्व मांडणारा हा माणूस गाईला उपयुक्त पशू म्हणे आणि आपल्यामागे श्राद्धपक्ष नको, असं सांगून गेला. एकाला देव हवा होता, दुसऱ्याला संघटन. देऊळ मात्र एकच उभं राहिलं.

आमचे बाबा राजापूरकडचे. गळ्यात माळ, आषाढीला पंढरपूर आणि मत दरवेळी समाजवादी मधू दंडवत्यांना. आईचा एकही उपास चुकला नाही, पण तिचं मत कुणाला गेलं ते बाबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही! एवढं घरात पाहूनही मी तसं लिहिलं.

मित्रा, चुकलं माझं. तू मत कुणाला दिलंस ते मला आजही माहीत नाही, आणि विचारणारही नाही. जेवण झाल्यावर भाट्याच्या किनाऱ्यावर येतोस काय? गाडी आणली आहे.