सोन्याचा कस आणि मूल्यांककाची सचोटी

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय जंगम मालमत्तेचे, म्हणजे दागिने, चांदीची भांडी, जुनी नाणी, कलावस्तू अशा जागेवरून हलवता येणाऱ्या मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्याचे प्रशिक्षण आणि आचारसंहिता हा आहे. बुलढाणा जिल्ह्याचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. कारण चांदीच्या शुद्धतेसाठी ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाणारे खामगाव याच जिल्ह्यात आहे आणि पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी घरातले सोने तारण ठेवणारी कुटुंबेही येथे गावोगाव आहेत. या कुटुंबांच्या हाती किती रक्कम पडेल, हे मूल्यांककाच्या शब्दावर ठरते.

हे काम केवळ नजरेचे नाही. बोरमाळेचे मणी पोकळ असून त्यांत बहुधा लाख भरलेली असते. म्हणून एकूण वजनातून लाख, दोरा व खडे यांची घट वजा करून निव्वळ वजन काढावे लागते. समजा, माळेचे वजन २० ग्रॅम आणि घट ३ ग्रॅम असेल, तर उरलेल्या १७ ग्रॅममध्ये २२ कॅरेटच्या, म्हणजे हजारी ९१६ शुद्धतेच्या हिशेबाने १५.५७ ग्रॅम शुद्ध सोने असते, तर १८ कॅरेटच्या हिशेबाने १२.७५ ग्रॅमच भरते. कसोटीच्या दगडावर दागिन्याची रेघ आणि ज्ञात शुद्धतेच्या सोन्याची रेघ शेजारी ओढून तेजाबाने ताडून पाहणे ही जुनी रीत होय. क्ष-किरण यंत्र दागिना न मोडता शुद्धता सांगते खरे, परंतु ते पृष्ठभागाचाच थर वाचत असल्याने जाड मुलाम्याखालचा हलका धातू त्याच्या नजरेतून निसटू शकतो. कोणती पद्धत कोठे अपुरी पडते हे ओळखणे, हाच प्रशिक्षणाचा गाभा आहे.

कायद्याने मात्र या व्यवसायाकडे असमान लक्ष दिले आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २४७ खाली २०१७ मध्ये झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत मूल्यांककाला ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा पूर्ण करावी लागते. पण त्यातील वर्ग जमीन व इमारत, संयंत्र व यंत्रसामग्री आणि रोखे व वित्तीय मालमत्ता हे तीनच आहेत. दागिन्यांचे मूल्यांकक संपत्तिकर अधिनियमाखाली नोंदवले जात असत; तो कर २०१५ च्या वित्त अधिनियमाने संपुष्टात आला. कारखान्याच्या यंत्राचे मोल ठरवणाऱ्यावर परीक्षेचे बंधन असावे आणि शेतकरी स्त्रीच्या दागिन्याचे मोल ठरवणाऱ्यावर तसे नसावे, ही विसंगती दूर झालीच पाहिजे.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारणासंबंधी दिलेले निर्देश या दिशेने उपयुक्त आहेत. बँकांनी १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणावयाच्या या निर्देशांनुसार पारख कर्जदाराच्या समक्ष व्हावी लागते आणि शुद्धता, एकूण व निव्वळ वजन, घट आणि मूल्य नोंदवलेल्या प्रमाणपत्राची प्रत त्याला द्यावी लागते. त्यामुळे मूल्यांकक सावकाराइतकाच कर्जदारालाही उत्तरदायी ठरतो.

येथूनच आचारसंहितेचा विचार सुरू होतो. २०१७ च्या नियमांतील आदर्श आचारसंहिता सोयीचे मूल्यांकन करण्यास आणि यशावर अवलंबून असलेले शुल्क घेण्यास मनाई करते. अमेरिकेत १९८७ पासून प्रचलित असलेल्या मूल्यांकनाच्या मानकांतही मोबदला ठरलेल्या किमतीवर अवलंबून ठेवण्यास बंदी असून, कामाची कागदपत्रे किमान पाच वर्षे जपावी लागतात. कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात मोबदला मिळाला की किंमत फुगवण्याचा मोह होतो आणि मूल्यांककच खरेदीदार असला की ती दाबण्याचा. म्हणून ठरावीक शुल्क आणि हितसंबंधांचे आगाऊ प्रकटीकरण हे सचोटीचे किमान निकष मानले पाहिजेत.

खामगावच्या कारागिरांचे धातुज्ञान, हॉलमार्क केंद्रांची तपासणीपद्धती आणि कायद्याचे शिक्षण यांचा मेळ घालणारा अभ्यासक्रम जिल्ह्यातच उभा राहू शकतो. त्यात १८७८ च्या निखात निधी अधिनियमाचाही समावेश असावा. कारण नांगरताना सापडलेली पुरलेली नाणी दहा रुपयांहून अधिक किमतीची असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात, हे ती पारखायला आणणाऱ्याला सर्वप्रथम मूल्यांककानेच सांगावयाचे असते. अशा अभ्यासक्रमातून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि लेखी आचारसंहितेला बांधील असलेल्या व्यक्तीकडेच तारणाची पारख सोपवावी, असा आग्रह जिल्ह्यातील पतसंस्थांनी व बँकांनी धरला, तर कायद्याची वाट न पाहताही कर्जदाराला न्याय्य मोल मिळू शकेल.