लागवड पुरे, आता तोडणीचे बोलू



सकाळपासून या बांबूच्या सभेत रोपे किती, हेक्टर किती, अनुदान किती, हेच चालले आहे. ते हिशेब जाणकारांवर सोपवून मी तोडणीबद्दल बोलणार आहे. बांबूची खरी शेती तिथेच आहे.

पावसाळ्यात कोंब जितका जाड वर येतो, तितकाच तो आयुष्यभर राहतो. उंची काही महिन्यांत पुरी होते. पुढची दोन-तीन वर्षे तो नुसता पक्का होत जातो. त्यामुळे एकाच बेटात आजोबा, बाप आणि नातू शेजारी उभे असतात आणि तोडणाऱ्याला त्यांची वये ओळखता यावी लागतात. यंदाचा आणि गेल्या सालचा राखायचा, कारण पुढच्या कोंबांना तेच पोसतात. पक्का झालेला काढायचा, तोही जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर घाव घालून, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. नगावर मजुरी मिळणारा माणूस एवढा विचार का करील? कडेचा, हाताशी येणारा कोवळा बांबू तो आधी उतरवणार. काही वर्षांत बेटाला नुसत्या काठ्या फुटू लागतात.

मग दोष कुणाचा? पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी 1970च्या दशकात कर्नाटकात हेच तपासले. कागद गिरणीला सरकार टनाला दीड रुपया भावाने बांबू देत होते, बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला मात्र बाजारात त्याच्या कैकपट मोजावे लागत. जंगल गावकऱ्यांनी आणि बुरुडांनी संपवले, असे अधिकारी सांगत. गाडगीळांना बेटांपाशी वेगळेच दिसले. गिरणीची माणसे वाढ चांगली व्हावी म्हणून बुंध्याचे काटेरी जाळे साफ करत. कोंब उघडे पडत आणि गुरे ते खाऊन टाकत. गावकरी काट्यांना हात लावत नसत. शहाणपणाच्या नावाखाली झालेले एवढे चोख नुकसान मला दुसरे आठवत नाही.

कायद्याची तऱ्हाही अशीच. 1927च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले, 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज. या दोहोंच्या कात्रीत गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव सापडले. 2009 साली सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा! अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. गावकऱ्यांच्या चिकाटीचे ते फळ होते. केव्हा तोडायचा, किती तोडायचा आणि कुणाला विकायचा, हे एकाच बैठकीत ठरू लागले, हे मला पैशाइतकेच महत्त्वाचे वाटते. वनाबाहेरचा बांबू तर 2017च्या दुरुस्तीने मोकळाच झाला आहे. कोकणातल्या बांधावरचा मानगा बांबू बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव. असा माल असताना बेट उक्ते देऊन टाकणाऱ्याने व्यापाऱ्याच्या भावाबद्दल रडू नये, हे जरा कडूच, पण बोलायलाच हवे.

आणखी एक गोष्ट. घरबांधणीला पक्का बांबू लागतो. सुपा-टोपलीला मात्र हिरवा, जरासा कोवळाच. डेपोत वाळलेल्या बांबूच्या पट्ट्या सोलताना मोडतात, हे बुरुडाला विचारावे लागत नाही, त्याच्या हाताला ठाऊक असते. म्हणजे बेटाला हवे ते एक आणि कारागिराला हवे ते दुसरे. हा तंटा कोयता हाती घेण्यापूर्वीच मिटवायला हवा. ग्रामसभा तोडणीचा आराखडा करते त्या बैठकीत बुरूड बसलेला मी फारसा पाहिलेला नाही.

तोडल्यावर भुंगेरा आहेच. बांबूतल्या पिष्टावर तो जगतो आणि सहा महिन्यांत खुर्चीखाली पिवळसर भुकटी पाडतो. गिऱ्हाईक पुन्हा प्लास्टिककडे वळते. पावसाळा संपल्यावर तोडणी आणि मग बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवणे, एवढ्याने बरेच निभावते. पण त्यासाठी लागणारी टाकी जिल्ह्याच्या ठिकाणी असून उपयोग नाही, ती जंगलाजवळच हवी.

ठरावांचा मसुदा मी वाचला. अकरा ठरावांपैकी आठ लागवडीचे आहेत. अध्यक्ष म्हणून मी दोन दुरुस्त्या मांडतो. पहिली, तोडणीच्या आराखड्याच्या बैठकीला कारागिरांचे दोन प्रतिनिधी असल्याशिवाय तो आराखडा मंजूर धरू नये. दुसरी, नव्या रोपांसाठी मागितलेल्या निधीतून आधी गावोगावच्या टाक्यांचा खर्च निघावा. मतदान हात वर करूनच घेऊ या.