थंडीतला माड
(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेला हिवाळा मी जर्मनीत, श्टुटगार्टला मुलीकडे काढला. तिथली प्रेक्षणीय स्थळं तुम्ही मोबाईलवर पाहिलीच असतील, म्हणून मी फक्त एका झाडाबद्दल बोलणार आहे.

शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा राहतात. त्यांच्या अंगणात पंख्यासारख्या पानांचा एक पाम आहे, त्यांच्या दिवंगत पत्नीने लावलेला. आजोबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, शिडी चढणं बंद, आणि नोव्हेंबर उजाडलेला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही कोकणातले ना? बघा जरा."

हा पाम मूळ चीनकडचा. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माणसाने १८४९ मध्ये त्याची रोपं इंग्लंडला पाठवली. त्याच्याच नावावरून ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. खोडाला काथ्यासारखं जाड आवरण असतं, आणि मुळं धरलेलं मोठं झाड उणे दहा अंशसुद्धा सोसतं. मग गुंडाळायचं कशाला? तर नारळासारखाच यालाही एकच कोंब. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते, इथे शेंडा गेला की झाड गेलं. कोंबात पाणी साचतं, रात्री गोठतं, दिवसा वितळतं आणि शेवटी कूज धरते. आपल्याकडे पावसाळ्यात माडाचा कोंब कुजतो, त्याचाच हा थंडीतला भाऊ!

आजोबा खुर्चीवरून हुकूम सोडत, मुलगी भाषांतर करी, मी शिडीवर. कोरडा दिवस बघून पानं वर गोळा करून सुतळीने सैल बांधली. बुंध्याशी वीतभर जाडीचा पालापाचोळा घातला, कारण जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही आणि पानं मात्र वाऱ्याने सुकत राहतात. भोवती गोणपाट आणि पांढरं विरळ कापड. प्लास्टिक मुळीच नाही, यावर आजोबा ठाम. आत घाम धरतो. पाऊस-बर्फ कोंबात जाऊ नये म्हणून वर छोटं छप्पर. आत जुन्या पद्धतीच्या दिव्यांची माळ. एलईडी तिथे कामाची नाही, ती पुरेशी तापत नाही. माळ रोज लावायची नाही, फक्त कडाक्याच्या रात्री. जानेवारीत आजोबा थर्मामीटर बघून आमच्याकडे फोन करत.

मार्चमध्ये ढगाळ दिवशी सगळं सोडलं. एकदम ऊन लागलं तर पानं करपतात. मग परीक्षा: मधलं न उमललेलं, सुरळीचं पान हलकेच ओढायचं. हातात आलं तर आत कुजलंय. आजोबांनी मला ओढायला सांगितलं आणि स्वतः दुसरीकडे बघत बसले. पान जागचं हललं नाही. त्यावर ते जर्मनमध्ये बराच वेळ काहीतरी बोलले. मुलीने त्याचं भाषांतर केलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता आपलं. गेटजवळच्या दोन पामांना थंडीची भीती नाही. पण पिवळी झावळी काढताना कोयता कोंबाला लागतो, आणि दिव्यांच्या माळेसाठी खोडात खिळे ठोकले जातात. ती जखम भरून येत नाही, पामाला साल नसते. यंदा दिवाळीला माळ दोरीने बांधूया. शिडी मी धरीन.