इतिहास घेतला, पुढे काय?

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात, पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने बोलायला बोलावला डिप्लोमावाला इंजिनीअर आणि विषय दिला इतिहास! कारण एवढेच, की बारावीचा निकाल लागला की कॉलनीतले पालक माझ्याकडे फॉर्म घेऊन येतात. यंदा तिघांनी एकच सांगितले, "पोरगी इतिहास घ्यायचा म्हणते, तिला जरा समजवा." मी तिघींशी बोललो. खरे तर समजावण्याची गरज पालकांनाच आहे असे माझे मत झाले.

आधी कडू गोष्ट सांगतो. नुसत्या बी.ए.च्या जोरावर इतिहासाशी संबंधित नोकरी सहसा मिळत नाही. जोडीला आणखी काही लागते, आणि ते काय, हे दुसऱ्या वर्षाला असतानाच ठरवावे. निकालानंतर विचार करू म्हटले की दोन वर्षे फुकट जातात.

आता आपल्या बडोद्याचेच बघा. गायकवाडी कारभाराचे जुने दप्तर मोठ्या प्रमाणावर मोडीत आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई याच संस्थानात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. ती विद्या आज दुर्मिळ झाली आहे. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. जमिनीचे जुने कागद, वारसाहक्काचे दावे, देवस्थानांची दप्तरे, सगळीकडे लिप्यंतर करणारा लागतो. त्याचे पैसे पानामागे मिळतात, पगार नव्हे, हेही लक्षात ठेवा. पण मराठी घरात बोलणारी, गुजराती शाळेत शिकलेली आणि त्यात मोडी येणारी आपली मुले किती पुढे असतील! हा फायदा पुण्याच्या मुलांनाही नाही.

दुसरे, घराजवळचेच. महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे, पुरातत्त्वाचाही आहे. बाहेरगावची मुले वसतिगृहात राहून इथे शिकतात आणि आपण स्कूटरने दहा मिनिटांवर असून आत डोकावत नाही. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाची संस्था ग्रेटर नोएडाला आहे. या दोन्हींसाठी पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे पाच-सहा वर्षांची तयारी हवी. पालकांनी तेवढा धीर धरायला हवा. इंजिनीअरिंगला चार वर्षे आणि क्लासची फी देताना आपण धीर धरतोच की!

शिक्षकी पेशा सर्वांना ठाऊक आहे. शाळेसाठी बी.एड., कॉलेजसाठी एम.ए. आणि नेट. त्यावर जास्त बोलत नाही.

आपल्या खात्यात स्टेशन मास्तर, गुड्स गार्ड (२०२२ पासून गुड्स ट्रेन मॅनेजर) या पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. परीक्षेत गणित आणि बुद्धिमापन मात्र चुकत नाही, म्हणून इतिहासवाल्यांनी गणित अजिबात सोडू नये. यू.पी.एस.सी.ला इतिहास हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि सामान्य ज्ञानातही तो कामी येतो. मात्र किती वर्षे बसायचे ते घरात आधीच ठरवा. तिशीपर्यंत 'तयारी' करणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या हुशारीबद्दल शंका नाही, पण दुसरा रस्ता कुणी आखूनच दिला नव्हता.

जाता जाता आपल्याच खात्याचे एक सांगतो. डभोई-मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज लाइन. १८६२ मध्ये तिच्यावर गाडी बैल ओढत. आपल्या किती मुलांना हे माहीत आहे? हे लिहायला, जुने नकाशे-रजिस्टरे लावून ठेवायला जाणती माणसे लागतात. आम्ही इंजिनीअर मंडळी जुने कागद रद्दीत टाकण्यात पटाईत.

शेवटी मंडळाला एक विनंती. दर रविवारी सकाळी दोन तास या हॉलमध्ये मोडीचा वर्ग सुरू करावा. शिकवणारे आजोबा आपल्यातच निघतील. पहिल्या सहा महिन्यांचा बोरूचा आणि झेरॉक्सचा खर्च माझ्याकडे. त्या तिघी मुलींची नावे मी आधीच लिहून घेतली आहेत. आणखी कोणाला यायचे असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावे.